३० नॅनोमीटरचा धागा: डीएनएची घडी आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यांची पार्श्वभूमी

डीएनए क्रोमोसोममध्ये कसा बसतो ते दाखवणारं चित्र बायोलॉजी शिकलेल्या जवळपास प्रत्येकाने बघितलेलं असतं. एका टोकाला २ नॅनोमीटरचा दुहेरी पीळ, मग ११ नॅनोमीटरची मण्यांची माळ, मग ३० नॅनोमीटरचा जाड धागा, मग ३०० चे लूप, मग ७००, आणि शेवटी १४०० नॅनोमीटरचा तो ओळखीचा क्रोमोसोम. पायरी पायरीने, एकदम शिस्तीत. यातल्या पहिल्या दोन पायऱ्या पक्क्या आहेत, त्यावर कुणाचंच दुमत नाही. तिसरी, म्हणजे ३० नॅनोमीटरवाली, १९७६ पासून चर्चेत आहे, पुस्तकांत अजूनही छापली जाते, आणि पेशीच्या आत शोधायला गेलं की बहुतेक पेशींत ती सापडतच नाही. असं कसं झालं? माझ्या मते याचं उत्तर मायक्रोस्कोप किती ताकदवान होता यात नाही, मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या आधी सॅम्पलचं काय काय केलं होतं यात आहे. म्हणून ही पार्श्वभूमी त्या अंगाने लिहितोय.

मुळात अडचण समजून घ्या. माणसाच्या एका पेशीत साधारण २ मीटर डीएनए असतो आणि तो काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात बसवायचा असतो. नुसता कोंबून चालत नाही, कारण त्यातलं नेमकं जीन हवं तेव्हा उघडता यायला पाहिजे, पेशी विभागताना सगळ्याची नक्कल व्हायला पाहिजे, आणि ४६ क्रोमोसोम एकमेकांत न गुंतता वेगळे व्हायला पाहिजेत. म्हणजे घडी कशी घातलीय यावर कुठलं जीन चालू आणि कुठलं बंद हे बऱ्यापैकी ठरतं, त्यामुळे हा प्रश्न फक्त भूमितीचा नाही.

यातली रसायनं तशी फार आधी हाताला लागली होती. फ्रीडरिश मीशरने १८६९ मध्ये ट्युबिंगेनला जखमांच्या पट्ट्यांवरच्या पूमधल्या पेशींतून न्यूक्लिन (म्हणजे आजच्या भाषेत डीएनए) वेगळं काढलं, १८८४ मध्ये आल्ब्रेख्त कॉसेलला हंसाच्या तांबड्या रक्तपेशींत हिस्टोन नावाची प्रोटीन सापडली (पक्ष्यांच्या तांबड्या रक्तपेशींना केंद्रक असतं, आपल्या तांबड्या रक्तपेशींना नसतं, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). त्यानंतर कितीतरी दशकं हिस्टोन म्हणजे डीएनएला नुसतं वेष्टन, यापलीकडे फारसं कुणी गेलं नाही. १९५३ ला दुहेरी पीळ कळला तरी पेशीत तो कसा गुंडाळलेला असतो ते कळलं नव्हतंच.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप १९३१ मध्ये बर्लिनला एर्न्स्ट रुस्का आणि मॅक्स नॉल यांनी बनवला. साध्या मायक्रोस्कोपला प्रकाशाच्या तरंगलांबीची मर्यादा असते, साधारण २०० नॅनोमीटरच्या खाली दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत, इलेक्ट्रॉनला ती अडचण नाही. पण दुसऱ्या अडचणी भरपूर. आत व्हॅक्यूम लागतो म्हणजे सॅम्पलमधलं पाणी उडून जाणार, आणि पेशी तर मुख्यतः पाणीच. डीएनए कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फॉस्फरस अशा हलक्या अणूंचा, त्यामुळे तो इलेक्ट्रॉनला फारसा अडवतच नाही, फोटोत जवळजवळ दिसतच नाही. म्हणून मग पेशी केमिकलने फिक्स करायची, अल्कोहोलने पाणी काढून टाकायचं, रेझिनमध्ये बसवायची, पातळ सेक्शन कापायचे, युरेनियमसारख्या जड धातूच्या क्षारांनी स्टेन करायचं. आता एवढं सगळं केल्यावर जे दिसतं त्यात पेशीचं किती आणि आपल्या उद्योगांचं किती, हा प्रश्न या क्षेत्रात तेव्हापासून आहे आणि आजही सुटलेला नाही.

तरी त्या काळात जे फोटो निघाले ते आजही बघून थक्क व्हायला होतं. १९६२ मध्ये क्लाइनश्मिट आणि सहकाऱ्यांनी टी२ नावाच्या बॅक्टेरियोफेजचा (बॅक्टेरियाला लागण करणाऱ्या व्हायरसचा) डीएनए पाण्याच्या पृष्ठभागावर प्रोटीनच्या पातळ थरात पसरवला आणि त्यावर धातूचा मुलामा दिला. मधोमध फुटलेलं व्हायरसचं डोकं, जेमतेम ०.१ मायक्रोमीटरचं, आणि त्याच्याभोवती सगळीकडे वळणं घेत पसरलेला एकच लांबच लांब धागा, सुमारे ५० मायक्रोमीटर. हे सगळं त्या एवढ्याशा डोक्यात मावलेलं होतं! कोंबणं म्हणजे काय ते आकड्यांनी कळत नाही तेवढं त्या एका फोटोने कळतं.

मग १९७३-७४. ही दोन वर्षं म्हणजे या विषयाचा खरा पाया. ऑस्ट्रेलियात ह्यूइश आणि बर्गोइन यांनी उंदराच्या यकृताच्या केंद्रकांतलंच डीएनए कापणारं एन्झाइम काम करू दिलं तर तुकडे वाटेल तसे न पडता ठरावीक मापाचे पडले, एका मापाच्या पटीत, म्हणजे डीएनएवर ठरावीक अंतराने काहीतरी बसलंय जे त्याला तेवढ्यापुरतं झाकतंय. त्याच सुमाराला एडा आणि डॉनल्ड ओलिन्स या जोडप्याने टेनेसीत ओक रिजला कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींची केंद्रकं घेतली, अगदी कमी क्षार असलेल्या पाण्यात फुगू दिली, ती फुटून आतले धागे बाहेर सांडले की सेंट्रिफ्यूजने ते ग्रिडवर (मायक्रोस्कोपमध्ये सॅम्पल ठेवायच्या बारीक जाळीवर) बसवले. फोटोत दिसलं ते असं: बारीक दोरा आणि त्यावर साधारण ७ नॅनोमीटरचे गोल मणी, एकामागोमाग एक. क्रिस्टोफर वुडकॉकनेही मॅसॅच्युसेट्समध्ये स्वतंत्रपणे हेच पाहिलं, पण त्याचा पेपर परत आला, परीक्षकाचं म्हणणं असं की हे खरं असेल तर पाठ्यपुस्तकं नव्याने लिहावी लागतील, इतकं भाबडं काही कधी वाचलेलं नाही आणि हे कुठेच छापू नये. पुढे पाठ्यपुस्तकं नव्याने लिहावी लागलीच.

१९७४ मध्ये रॉजर कॉर्नबर्गने हिशोब जुळवला, चार प्रकारचे हिस्टोन प्रत्येकी दोन, असा आठांचा गाभा आणि प्रत्येक मण्यामागे साधारण २०० बेसपेअर (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) डीएनए. १९७५ ला स्ट्रासबर्गच्या पिएर शाँबोंच्या गटाने त्याला न्यूक्लियोसोम नाव दिलं. पुढे १९९७ मध्ये झुरिकला कॅरोलिन लुगर, टिमोथी रिचमंड आणि सहकाऱ्यांनी एक्स-रे क्रिस्टलोग्राफीने २.८ अँगस्ट्रॉमपर्यंत (०.२८ नॅनोमीटर) त्याची रचना काढली, आणि १४६ बेसपेअर डीएनए हिस्टोनभोवती सुमारे पावणेदोन वेढे घेतो हे स्वच्छ दिसलं. ही पायरी इतकी भक्कम आहे की तिच्याबद्दल जास्त लिहायची गरज नाही.

आता मुद्दा तिसऱ्या पायरीचा. केंब्रिजच्या एमआरसी लॅबमध्ये एरन क्लूग होता, मूळचा लिथुआनियात जन्मलेला आणि दक्षिण आफ्रिकेत वाढलेला, आधी रोझलिंड फ्रँकलिनबरोबर व्हायरसवर काम केलेला. १९६८ मध्ये डेव्हिड डिरोझिएरबरोबर त्याने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या सपाट फोटोंवरून गणिताने त्रिमितीय आकार उभा करायची पद्धत दिली (तेव्हा सॅम्पल होतं टी४ फेजचं शेपूट), आणि १९८२ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याला मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा. तर १९७६ मध्ये जॉन फिंच आणि क्लूग यांनी पाहिलं की क्षार कमी असताना मण्यांची ती माळ सुटी पडलेली असते, पण द्रावणात थोडंसं मॅग्नेशियम घातलं की ती आपोआप गुंडाळली जाऊन साधारण ३० नॅनोमीटरचा जाड धागा होतो. त्यांनी मॉडेल मांडलं, सोलेनॉइड, म्हणजे तारेच्या गुंडाळीसारखा आकार, एका वेढ्यात साधारण सहा न्यूक्लियोसोम. १९७९ मध्ये थोमा, कोलर आणि क्लूग यांनी दाखवलं की हिस्टोन एच१ (त्या आठांच्या गाभ्याबाहेरचा हिस्टोन) नसेल तर ही गुंडाळी नीट होत नाही. प्रयोग एकदम चोख होते, कुणीही करून बघावेत आणि तेच दिसावं असे. मग वाद सुरू झाला तो धागा आहे की नाही यावर नाही, तर आत न्यूक्लियोसोम एका रांगेत वळतात की दोन रांगांत झिगझॅग जातात यावर, आणि तो वाद तब्बल तीस-चाळीस वर्षं चालला. २००५ मध्ये रिचमंडच्या गटाने चार न्यूक्लियोसोमचा क्रिस्टल काढला तो झिगझॅग, २०१४ ला बीजिंगच्या गटाने क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने (सॅम्पल थिजवून बघायची पद्धत, पुढे येईलच) अख्ख्या धाग्याची रचना दिली तीही दोन रांगांची. पण हे सगळे धागे टेस्टट्यूबमध्ये बनवलेले होते, शुद्ध केलेल्या घटकांपासून, हे विसरता कामा नये.

दुसरीकडे हायडलबर्गच्या ईएमबीएल संस्थेत जाक द्युबोशे वेगळ्याच गोष्टीमागे लागला होता. त्याला पाणी काढायचंच नव्हतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने आणि अ‍ॅलॅस्डेर मॅकडॉवलने दाखवलं की पाण्याचा पातळ थर द्रवरूप इथेनमध्ये झटक्यात बुडवला तर बर्फाचे स्फटिक बनायला वेळच मिळत नाही, पाणी काचेसारखं घट्ट होतं आणि त्यातले रेणू होते तिथेच थिजतात. फिक्स नाही, अल्कोहोल नाही, स्टेन नाही. २०१७ चं नोबेल याच कामासाठी, योआखिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांच्यासोबत.

आणि १९८६ मध्ये मॅकडॉवल, स्मिथ आणि द्युबोशे यांनी विभाजन चालू असलेल्या पेशी अशाच थिजवून, त्याचे सेक्शन कापून क्रोमोसोमकडे पाहिलं. ३० नॅनोमीटरचा धागा दिसलाच नाही. दिसला तो एकसारखा दाणेदार पोत, साधारण ११ नॅनोमीटरच्या दाण्यांचा, कुठेही पीळ नाही. मला या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची जागा वाटते, आणि नेमकं याच पेपरकडे पुढची वीसेक वर्षं पुरेसं लक्ष गेलं नाही, कारण चित्र आधीच पक्कं झालं होतं आणि न दिसण्याला पुरावा मानायला माणसं सहजासहजी तयार होत नाहीत. २००८ मध्ये एल्तसोव, माएशिमा, फ्रंगाकिस, द्युबोशे आणि मंडळींनी माणसाच्या पेशींवर पुन्हा तेच दाखवलं. मग एक्स-रेचा प्रश्न उरला, कारण क्रोमोसोमवरून एक्स-रे विखुरल्यावर ३० नॅनोमीटरचा सिग्नल येत होता, तोच तर धाग्याचा पुरावा मानला जात होता. २०१२ मध्ये जपानमध्ये माएशिमाच्या गटाने क्रोमोसोमच्या बाहेरून चिकटलेले रायबोसोम (पेशीत प्रोटीन बनवणारे कण) धुऊन काढले तर तो सिग्नलच गेला!

मग क्लूग चुकला का? नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पातळ द्रावणात एकटी माळ असेल तर तिच्या न्यूक्लियोसोमना चिकटायला आपलेच शेजारी मिळतात, म्हणून ती स्वतःभोवती गुंडाळून नीटस धागा होते. केंद्रकात मात्र इतकी दाटी असते की शेजारच्या माळेचे न्यूक्लियोसोमही तितकेच जवळ, मग सगळ्या माळा एकमेकींत घुसतात आणि वेगळा धागा असा राहतच नाही. आणि काही पेशींत तो खरंच असतो. १९९४ मध्ये वुडकॉकने तारामाशाच्या शुक्रपेशींत आणि २०११ मध्ये शेफर, एल्तसोव, फ्रंगाकिस यांनी कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींत तो पाहिला. म्हणजे ज्यांची बहुतेक जीन बंद झालेली आहेत अशा पेशी, आणि त्यातल्या कोंबडीच्या तर ओलिन्स जोडप्याच्या फोटोतल्याच.

२०१७ मध्ये सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये क्लोडा ओशे, होर्न ओऊ आणि सहकाऱ्यांनी क्रोमईएमटी नावाची पद्धत आणली. जुनी अडचण अशी की धातूचे स्टेन डीएनएसोबत प्रोटीन, आरएनए सगळ्यालाच लागतात. यांनी फक्त डीएनएला चिकटणारा रंग घेतला, त्यावर प्रकाश टाकला की तो आजूबाजूला क्रियाशील ऑक्सिजन सोडतो, त्याने डायअमिनोबेंझिडिनचा थर फक्त डीएनएवरच जमतो आणि त्या थरावर ऑस्मियम बसतं, त्यामुळे डीएनए तेवढा गडद उठून दिसतो. मग सॅम्पल वेगवेगळ्या कोनांत तिरकं करून टोमोग्राफी, म्हणजे त्या सगळ्या फोटोंवरून त्रिमितीय चित्र. निघालं काय, तर ५ ते २४ नॅनोमीटर जाडीची वेडीवाकडी, लवचिक साखळी, आणि विश्रांतीतलं केंद्रक आणि विभाजनातला क्रोमोसोम यांच्यात फरक जाडीचा नाही, दाटीचा. कुठे जागेच्या १२ टक्के भरलेलं, कुठे ५० च्या वर. मात्र या पद्धतीत पेशी ग्लुटराल्डिहाइडने फिक्स कराव्याच लागतात, म्हणजे द्युबोशेने जे टाळलं होतं ते इथे परत आलंच.

सध्या जोर आहे तो पेशी थिजवून आयन बीमने १००-२०० नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा कोरायचा आणि त्याची क्रायो-टोमोग्राफी करायची यावर. यात केमिकल नाही, चाकूचा दाबही नाही, आणि केंद्रकात जागच्या जागी असलेले न्यूक्लियोसोम एकेक ओळखता येतात. अडतं ते इथे की समोर दिसतोय तो न्यूक्लियोसोम नेमका कुठल्या जीनवरचा हे सांगता येत नाही, कारण सगळे दिसायला सारखेच आणि दोघांना जोडणारा उघडा डीएनए त्या गर्दीत बऱ्याचदा हरवतो. हाय-सीसारख्या पद्धती २००९ पासून कुठलं जीन कशाजवळ आहे ते सांगतात पण त्यात आकार दिसत नाही, टोमोग्राफीत आकार दिसतो पण पत्ता नाही, आणि हे दोन्ही एकाच पेशीत जुळवायचं काम आता सुरू आहे.