रंकाळ्याभोवती बस: स्क्रॅचमध्ये वाट का आखता येत नाही

कोल्हापूरच्या शाळांत स्क्रॅचचे, म्हणजे ठोकळे (ब्लॉक) जोडून प्रोग्राम लिहायच्या मुलांच्या भाषेतले, प्रकल्प सुरू झाले की एक प्रश्न ठरलेला: रंकाळा तलावाच्या नकाशावर केएमटीची (शहर बससेवेची) बस काठाकाठानं फिरवायची आहे, तर वाट आखायची सोय कुठं आहे? ती नाही. ती राहून गेलेली नाही, दोन जुन्या परंपरांपैकी एकीची बाजू घेतल्यामुळं ती नाही.

पहिली परंपरा लोगोची. लोगो ही मुलांसाठीची प्रोग्रामिंगची भाषा 1967 ची, पडद्यावर रेघ काढत चालणारं कासव त्यात थोडं नंतर आलं. कासवाला पाऊल आणि वळण एवढंच सांगायचं: 10 पावलं पुढं, 10 अंश उजवीकडं, असं 36 वेळा, की वर्तुळ तयार. दुसरी परंपरा अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरची. फ्लॅशमध्ये गाइड लेअरवर, म्हणजे वाटेसाठीच्या वेगळ्या थरावर, रेघ ओढायची, वस्तू तिच्यावरून जायची. पॉवरपॉइंटमध्येही 2002 च्या आवृत्तीपासून मोशन पाथ, म्हणजे आखलेल्या वाटा, आहेत. ते आधी हाताळलेल्या मुलांना स्क्रॅचमध्येही तेच हवं असतं.

स्क्रॅच 2007 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं ते कासवाच्या बाजूनं. 2013 ची 2.0 आवृत्ती तर फ्लॅशवरच बांधलेली होती, तरीही रेघेवरून चालवणारा ब्लॉक मुलांना दिला नाही. माझ्या मते हे बरोबरच झालं. रेघ ओढून दिली की हालचाल कशी घडते हे कळायचं राहून जातं.

पण मधला मार्ग म्हणून दिलेला ग्लाइड ब्लॉक खरी अडचण करतो. स्टेज, म्हणजे स्क्रॅचचा पडदा, 480 बाय 360 पावलांचा, मध्यबिंदू शून्य. ग्लाइड वस्तूला दिलेल्या x, y पर्यंत दिलेल्या सेकंदांत सरळ रेषेत नेतो. मुलं काठावरचे बिंदू टिपतात, ग्लाइडची माळ लावतात आणि प्रत्येकात 1 सेकंद तसाच ठेवतात. मग रंकाळा टॉवर ते शालिनी पॅलेस हा लांबचा टप्पा बस सुसाट कापते आणि वळणावरच्या आखूड टप्प्यात रांगते. वेळ अंतराच्या हिशेबात द्यायला हवा: 120 पावलांना 2 सेकंद, तर 30 पावलांना अर्धा. शिवाय ग्लाइड वस्तूचं तोंड फिरवत नाही, त्यामुळं दिशा आधी वळवली नाही तर बस आडवी सरकते. आणि ग्लाइड संपेपर्यंत त्या स्क्रिप्टमधलं पुढचं काही चालत नाही. हॉर्न मध्येच वाजवायचा तर त्याची स्क्रिप्ट वेगळी लागते. वर्गात पाठ्यक्रम उरकायच्या घाईत नेमकं हेच सांगायचं राहतं.

लंबगोल वाटेसाठी साइन-कोसाइन आहेत, पण त्रिकोणमिती येते नववी-दहावीत आणि स्क्रॅच त्याच्या कितीतरी आधी.

जानेवारी 2019 च्या 3.0 नं फ्लॅश सोडलं. ग्लाइडला माउसच्या किंवा दुसऱ्या स्प्राइटच्या (पडद्यावरच्या वस्तूच्या) जागी जाता येऊ लागलं, रेघ उमटवणारं पेन मात्र एक्स्टेंशनमध्ये, म्हणजे वेगळं जोडून घ्यायच्या ब्लॉकमध्ये, गेलं, त्यामुळं गेलेली वाट रंगवून तपासायची सवय मागं पडली. वाटेचा ब्लॉक याही वेळी आला नाही. आता चांगली पद्धत म्हणजे दोन लिस्ट, म्हणजे आकड्यांच्या याद्या: माउस दाबून काठावरून फिरवायचा, x एकीत आणि y दुसरीत जमा करायचे, मग बसनं ते क्रमानं वाचायचे. हात जिथं रेंगाळला तिथं बिंदू दाटतात आणि बस मंदावते. म्हणून आधीच्या बिंदूपासून 5 पावलांच्या आतला बिंदू लिस्टमध्ये घ्यायचाच नाही.