गनिमी लढवय्ये म्हणजे फक्त गरीब, अशिक्षित तरुण?

‘यादवी युद्धात जंगलात जाऊन लढणारे सगळे उपाशी, निरक्षर, बेकार तरुण असतात,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो. तो पटतो, कारण गरिबी खरोखरच अशा युद्धांची मोठी पार्श्वभूमी असते. पण त्यावरून कोण बंदूक उचलतो हे ठरत नाही.

पहिली गोष्ट, त्याच भागातले तितकेच गरीब असलेले बहुसंख्य लोक कधीच लढायला जात नाहीत. म्हणजे निव्वळ गरिबी हे उत्तर पुरत नाही. पेरूमध्ये १९८० साली सुरू झालेल्या बंडाची मुळे अयाकुचो या शहरातल्या विद्यापीठात होती. प्राध्यापक, विद्यार्थी आणि खेड्यांत गेलेले शिक्षक त्याचा कणा होते. नेपाळमध्ये (१९९६-२००६) युद्धानंतरच्या पडताळणीत सुमारे १९,६०० माओवादी बंडखोर लढवय्ये नोंदले गेले. त्यांत जवळपास पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या! सिएरा लिओनमध्ये (१९९१-२००२) तर बंडखोरांकडून लढलेल्या बहुतेकांनी आपल्याला पळवून नेल्याचे सांगितले. त्यांच्याबाबतीत ‘का सामील झाले?’ हा प्रश्नच अन्यायाचा आहे.

हे कसे तपासायचे? शस्त्रे खाली ठेवतानाच्या नोंदी आणि सत्यशोधन आयोगांचे (युद्धातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या आयोगांचे) अहवाल पाहावेत. ‘इतके टक्के लढवय्ये गरीब’ असे वाचले, तर त्याच जिल्ह्यातल्या, त्याच वयाच्या न लढलेल्यांत गरीब किती, हे विचारावे. दोन्ही आकडे सारखेच निघाले, तर त्या टक्केवारीतून भरतीचे कारण कळत नाही. पुढारी आणि साधे सैनिक यांची माहितीही वेगवेगळी पाहावी. त्यांची पार्श्वभूमी बऱ्याचदा एक नसते.