ऑर्थोप्टिक्सचे शिक्षण

दोन्ही डोळे मिळून कसे काम करतात, हे तपासणारी आणि तिरळेपणा, आळशी डोळा (नीट न वापरला गेल्याने दृष्टी कमी राहिलेला डोळा), दोन-दोन दिसणे यांवर शस्त्रक्रियेविना उपचार करणारी नेत्रसेवेची शाखा म्हणजे ऑर्थोप्टिक्स. ब्रिटनमध्ये हा स्वतंत्र व्यवसाय आहे. मेरी मॅडॉक्स या तिथल्या पहिल्या ऑर्थोप्टिस्ट मानल्या जातात; व्यवसायाची संघटना १९३७ मध्ये स्थापन झाली. शेफील्ड व लिव्हरपूल विद्यापीठांत याची पदवी मिळते. भारतात हा विषय बहुतेक ठिकाणी ऑप्टोमेट्रीच्या (दृष्टी तपासून चष्मा देण्याच्या शास्त्राच्या) पदवीतच शिकवला जातो. बारावी विज्ञान शाखेनंतर साधारण चार वर्षे, त्यांतले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. हे वर्ष जिथे फक्त मोतीबिंदूचे रुग्ण येतात अशा ठिकाणी घालवले, तर तिरळेपणा पुस्तकातच राहतो; म्हणून बालनेत्र विभाग असलेले रुग्णालय निवडावे.

विद्यार्थ्याचा बराच वेळ कव्हर टेस्टवर, म्हणजे डोळा झाकून तिरळेपणा ओळखण्याच्या चाचणीवर जातो, आणि जायलाच हवा. रुग्णाचा चष्मा असेल तर तो लावून ३३ सेंमी आणि ६ मीटर अशा दोन्ही अंतरांवर ती करतात. एक डोळा झाकायचा आणि उघड्या डोळ्याकडे पाहायचे: तो लक्ष्य पकडण्यासाठी आतून बाहेर सरकला तर तिरळेपणा आतला, बाहेरून आत सरकला तर बाहेरचा. लक्ष्य म्हणून टॉर्च धरणे ही नवख्यांची नेहमीची चूक. प्रकाशाच्या ठिपक्यावर डोळ्याला नीट फोकस करावा लागत नाही, त्यामुळे दूरदृष्टीच्या नंबरातून येणारा आतला तिरळेपणा निसटतो. बारीक चित्र किंवा अक्षरच हवे. आलटून-पालटून झाकताना मध्येच दोन्ही डोळे उघडे राहिले, तर मेंदू दोन्ही प्रतिमा पुन्हा जुळवतो आणि माप कमी येते. याच कारणाने खोलीच्या (वस्तू किती जवळ-दूर आहे याच्या) जाणिवेची चाचणी आधी, झाकाझाकी नंतर.

तिरळेपणाचे मोजमाप प्रिझमने, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या त्रिकोणी काचेने होते. १ प्रिझम डायॉप्टर म्हणजे १ मीटरवर प्रतिमा १ सेंमी सरकणे. आतल्या तिरळेपणाला प्रिझमचा पाया (जाड कड) बाहेर ठेवतात. मोठ्या तिरळेपणासाठी एकाच दिशेचे दोन प्रिझम एकमेकांवर ठेवू नयेत. त्यांची नुसती बेरीज होत नाही. ते दोन्ही डोळ्यांवर वाटून धरावेत.

आळशी डोळ्यात सुटे अक्षर ओळीतल्या अक्षरापेक्षा सहज वाचता येते, म्हणून एकेक अक्षर दाखवून घेतलेली दृष्टी फसवी ठरते. मध्यम स्वरूपाच्या आळशीपणाला चांगल्या डोळ्यावर रोज २ तास पट्टी ही सुरुवात बऱ्याचदा पुरते. आधी योग्य चष्मा मात्र हवाच. पट्टी चष्म्याच्या काचेवर लावली तर मूल कडेने डोकावते, ती थेट त्वचेवर चिकटवावी. दर भेटीत झाकलेल्या डोळ्याचीही दृष्टी तपासावी, कारण अति झाकल्याने तोही मंदावू शकतो.

नेत्रसाहाय्यकाचा अभ्यासक्रम वेगळा, साधारण दोन वर्षांचा. दृष्टी मोजणे, रेटिनोस्कोपीने, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून परतणारी झळक पाहून नंबर काढणे (६६ सेंमीवरून पाहिल्यास १.५ डायॉप्टर, म्हणजे दीड नंबर, वजा करून), डोळ्याचा दाब मोजणे आणि शस्त्रक्रियेची पूर्वतयारी यांवर त्यात भर असतो. महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी हे पद असते. या कामातली महागडी चूक ए-स्कॅनमध्ये, म्हणजे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवायची लेन्स ठरवण्यासाठी ध्वनिलहरींनी डोळ्याची लांबी मोजताना होते. प्रोब बुबुळावर दाबला गेला की डोळ्याची लांबी कमी भरते, लेन्स गरजेपेक्षा जास्त पॉवरची निवडली जाते आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला वजा नंबर येतो. १ मिमीच्या चुकीला सुमारे २.५ ते ३ डायॉप्टर.