गळलेला गॅस जातो कुठे?

फ्रिज गार करेनासा झाला की दुरुस्तीवाला मागे वाकून बघतो आणि म्हणतो, "गॅस गेलाय, भरावा लागेल." आपण पैसे देतो, विषय संपतो. पण नळ्यांमधून फिरणारा हा गॅस वापरून संपत नसतो. कमी झाला म्हणजे गळला, आणि गळला म्हणजे हवेत गेला.

हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन तरुणपणी सिकंदराबादच्या एका फ्रिजच्या कारखान्यात कामाला होते. गॅस का गळतो ते शोधायचं, हेच त्यांचं काम. १९७० मध्ये ते अमेरिकेला गेले आणि ग्रहांच्या वातावरणाच्या अभ्यासाकडे वळले. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी इशारा दिला की फ्रिजमधल्या क्लोरोफ्लुरोकार्बनमुळे ओझोनचा थर विरळ होईल. रामनाथन यांनी याच वायूबद्दल वेगळा प्रश्न विचारला: हा उष्णता किती अडवतो?

तापलेली जमीन डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून उष्णता बाहेर टाकते. बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड त्यातली बरीचशी अडवतात, पण साधारण ८ ते १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीची एक खिडकी बरीच उघडी राहते. क्लोरोफ्लुरोकार्बन नेमका त्या खिडकीतच आडवा येतो. १९७५ मध्ये रामनाथन यांनी दाखवून दिलं की त्याचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १०,००० रेणूंइतका तापदायक आहे. इतका थोडा वायू, आणि एवढा परिणाम! मला त्यांच्या कामातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

पुढे ते धुराकडे वळले. १९९९ च्या एका संशोधन मोहिमेत हिंदी महासागरावर दक्षिण आशियातून आलेलं, सुमारे तीन किलोमीटर जाडीचं तपकिरी धुरकट आढळलं. २००६ मध्ये मालदीवजवळ त्यांच्या गटाने तीन छोटी मानवरहित विमानं एकावर एक उडवली: एक धुरकटाच्या वर, एक आत, एक खाली. वर किती ऊन आलं, खाली किती पोचलं, याचा हिशेब एकाच वेळी मांडता आला. मधलं ऊन काजळीने गिळलं होतं. जमिनीवर सावली आणि हवेत ताप, असा दुहेरी परिणाम.

त्या काजळीचा मोठा वाटा चुलींमधून येतो. लहानपणी रामनाथन यांनी आपल्या आजीला चुलीच्या धुरात खोकताना पाहिलं होतं. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं हवेत राहतो. काजळी आठवड्या-दोन आठवड्यांत खाली बसते. म्हणून धूर थांबवला तर गुण लवकर येतो, आणि बाईची छातीही वाचते. हे पटवण्यासाठी ते उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत धुराची मोजमापं घेऊन सुधारित चुली देणारा प्रकल्प चालवू लागले, आणि व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीतही हाच विषय मांडत राहिले.

फ्रिजमध्ये क्लोरोफ्लुरोकार्बनच्या जागी हायड्रोफ्लुरोकार्बन हे वायू आले. २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली इथे देशांनी त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने घटवायचं ठरवलं. हे वायू ओझोनला धक्का लावत नाहीत, पण तापवतात भरपूर. घरातल्या फ्रिजमागची पट्टी वाचून बघा. 'आर-१३४ए' लिहिलं असेल तर तो याच कुळातला. 'आर-६००ए' असेल तर आत आयसोब्युटेन आहे, म्हणजे फारच कमी तापवणारा वायू.