रीफरचा डबा की साधा मालडबा? कॅम्परसाठी जुना ट्रक निवडताना

जुना मालट्रक घेऊन त्याचं चालतंफिरतं घर करायचं ठरवलं, की विक्रीच्या यादीत दोन गाड्या हमखास शेजारीशेजारी दिसतात. दोन्हींना पुढे कॅबिन आणि मागे पांढरा चौकोनी डबा. फोटोत तर फरक ओळखूही येत नाही. एकीतून पार्सलं, फर्निचर, कपड्यांची खोकी जायची. दुसरीतून गोठवलेला माल, दूध, औषधं. पहिला साधा मालडबा, दुसरा रीफर, म्हणजे शीतवाहनाचा डबा.

कॅम्पर करू पाहणारे बहुतेक जण रीफरकडे ओढले जातात, कारण त्यात इन्सुलेशन आयतं मिळतं. ते मिळतं हे खरंच आहे. पण भिंतीची जात बदलली की खिडकी कापण्यापासून कपाट टांगण्यापर्यंत सगळं काम बदलतं. रीफर घेऊन त्यावर साध्या डब्याची कामं करणं, किंवा साधा डबा घेऊन त्याला रीफर समजणं, यातूनच बरेच प्रकल्प अर्ध्यावर अडकतात.

भिंतीच्या पोटात काय असतं

साध्या डब्याला सांगाडा असतो. ठरावीक अंतरावर ॲल्युमिनियमचे उभे खांब, त्यांवर बाहेरून रिव्हेट ठोकलेला पातळ पत्रा आणि आतून प्लायवूडचं अस्तर. ताकद असते ती खांबांत. पत्रा पाऊस-वारा अडवतो आणि डब्याला तिरपा होऊ देत नाही. काही डब्यांत खांब नसतात, जाड प्लायवूडच्या दोन्ही अंगांना फायबरचा थर चिकटवलेला असतो. वागायला तोही साध्या डब्यासारखाच, फक्त त्याच्या कडांतून पाणी शिरलं की प्लाय आतून कुजतो.

रीफरच्या भिंतीला सांगाडा बहुधा नसतोच. बाहेर फायबरचा पातळ थर, मध्ये पीयू (पॉलियुरेथेन) फोम, आत पुन्हा फायबर, आणि हे तिन्ही एकजीव चिकटवलेले. भार पेलतात ते फोमच्या दोन्ही अंगांचे पातळ थर. फोमचं काम त्यांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवण्याचं. म्हणून एवढी हलकी दिसणारी भिंत वाकत नाही. आणि म्हणूनच चिकटलेले थर एकदा सुटले की तिच्यात काही उरत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे दोनदा उपयोगी पडेल.

उष्णतेचा हिशेब

आकडे मांडून पाहू. ४ मीटर लांब, २ मीटर रुंद, २.१ मीटर उंच असा डबा घेतला तर सहा बाजूंचं क्षेत्रफळ साधारण ४१ चौरस मीटर भरतं. बाहेर ० अंश सेल्सियस आहे आणि आत २० अंश हवेत. सगळीकडे नुसता पत्रा धरला तर दर चौरस मीटरमागे, दर अंशाच्या फरकाला जवळपास ६ वॅट उष्णता बाहेर जाते. एकूण झाले ४,९०० वॅट. ६० मिलिमीटर जाडीचा चांगल्या स्थितीतला पीयू फोम असेल तर हाच दर ०.४ वर येतो आणि एकूण उष्णता सुमारे ३३० वॅट. स्वस्थ बसलेलं माणूस १०० वॅटच्या आसपास उष्णता देतं. म्हणजे रीफरमध्ये दोन माणसं बसली तर थंडीशी अर्ध्याहून जास्त लढाई त्यांच्या अंगच्या उबेवरच होते. दारं, खिडक्या आणि ताजी हवा यांतून जास्तीची उष्णता जाणारच, तरी चित्र हेच राहतं.

साध्या डब्यात आतून ५० मिलिमीटर एक्सपीएसचे, म्हणजे कडक पॉलिस्टायरिन फोमचे तक्ते लावले, तर कागदावर तोही ५०० वॅटपर्यंत येतो. पण कागदावरच. खांब ॲल्युमिनियमचे असतात आणि ॲल्युमिनियम फोमच्या हजारो पट जास्त उष्णता वाहून नेतं. तक्ते फक्त खांबांच्या मधल्या खणांत बसवले, तर प्रत्येक खांब हा थंडीला आत यायला बांधून दिलेला पूल होतो. म्हणून खांबांवरूनही सलग एक थर चढवावा लागतो, आणि तो दोन्ही बाजूंनी आतली रुंदी खातो. डब्याच्या रुंदीत आडवं झोपायचा बेत असेल तर इथे एकेक सेंटिमीटर मोजावा लागतो. बाहेरून २ मीटरचा डबा आतून १.८५ मीटर झाला की उंच माणसाचे पाय भिंतीला टेकतात.

उन्हाळ्यात मात्र रीफर फसवू शकतो. इन्सुलेशन थंडावा निर्माण करत नाही, फक्त उष्णतेची ये-जा मंदावतं. दिवसभर दार उघडं ठेवून, आत स्वयंपाक करून डबा तापला, तर रात्री बाहेर गार झालं तरी आतली धग तशीच राहते. साधा डबा तापतो लवकर आणि निवतोही लवकर. (त्याचं छप्पर अर्धपारदर्शक फायबरचं असेल, तर ते मालाला उजेड मिळावा म्हणून केलेलं असतं. घरासाठी ते झाकावंच लागतं, नाहीतर आत काचघर होतं.)

डब्यावरची तीन अक्षरं

रीफर किती जातिवंत आहे हे ओळखायची एक सोपी खूण आहे. नाशवंत माल देशांच्या सीमा ओलांडून नेण्यासाठी १९७० मध्ये जिनिव्हात एटीपी नावाचा करार झाला. त्यानुसार मोजमाप झालेल्या डब्यावर पांढऱ्या पट्टीवर निळी अक्षरं असतात. ‘एफएनए’मधलं मधलं अक्षर ‘एन’ म्हणजे साधारण इन्सुलेशन; त्याचा दर ०.७ वॅटपर्यंत चालतो. ‘एफआरसी’मधला ‘आर’ म्हणजे भक्कम इन्सुलेशन, दर ०.४ किंवा त्याहून कमी. शेवटचं अक्षर तापमानाचा वर्ग सांगतं: ‘ए’ ० अंशांपर्यंत, ‘सी’ उणे २० अंशांपर्यंत. खाली महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं, ती प्रमाणपत्राची मुदत. नव्या डब्याला पहिलं प्रमाणपत्र ६ वर्षांचं मिळतं, पुढे तपासणी करावी लागते.

जुन्या फोममधला मूळ वायू हळूहळू निघून जातो आणि त्याची क्षमता घटते, त्यामुळे हे आकडे डबा नवा असतानाचे समजायचे. मुदत संपलेला डबा गोठवलेल्या मालाला नालायक ठरला तरी माणसाला राहायला अजून उत्तमच असतो, आणि माझ्या मते हाच रीफर घेण्यामागचा सर्वांत पटणारा विचार आहे.

ओल

उष्णतेपेक्षा मला ओलीची जास्त काळजी वाटते, कारण थंडी लगेच जाणवते, ओल मात्र भिंतीआड बसून वर्षभराने कळते. आतली हवा २० अंशांवर आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरायला लागतं. आत श्वास घेणारी माणसं आहेत, ओले कपडे आहेत, शेगडी आहे. १ किलो प्रोपेन जळताना १.६ किलोच्या वर पाणी वाफेच्या रूपात हवेत सोडतो, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

साध्या डब्यात ही वाफ इन्सुलेशनमधून वाट काढत गार पत्र्यापर्यंत पोचते आणि तिथे पाणी होते. काचलोकर भरून वर प्लाय मारला, तर ती लोकर ओल्या फडक्यासारखी भिजून राहते. म्हणून इथे बंद पेशींचा, म्हणजे पाणी आणि वाफ न शोषणारा फोम हवा, तो पत्र्याला मध्ये पोकळी न ठेवता चिकटलेला हवा आणि सगळे सांधे टेपने बंद हवेत. कष्टाचं काम आहे, पण करता येतं.

रीफरची भिंत आतून-बाहेरून फायबरची, त्यामुळे वाफ तिच्यात शिरतच नाही. जोपर्यंत तुम्ही तिला भोक पाडत नाही तोपर्यंत. प्रत्येक स्क्रू म्हणजे फोममध्ये जाणारी एक वाट. आणि आत गेलेलं पाणी बाहेर यायला जागाच नसते.

म्हणून जुना रीफर घेण्याआधी त्याच्या भिंती, छप्पर आणि विशेषतः जमीन बोटाच्या पेराने ठोकून पाहा. टणक, भरीव आवाज आला तर ठीक. बदबद आवाज आला, किंवा दाबल्यावर थर वरखाली झाला, तर तिथे थर सुटले आहेत. मग गाडी वजनकाट्यावर न्या. कागदपत्रांवरच्या रिकाम्या वजनापेक्षा काटा बराच जास्त दाखवत असेल आणि त्याला दुसरं काही कारण सापडत नसेल, तर फोमने पाणी प्यायलं आहे असं समजा. असा डबा वाळवता येत नाही.

हवा आणि दार

इथे मी थोडं कठोर बोलणार आहे, कारण प्रश्न जिवाचा आहे. रीफर हवाबंद राहावा म्हणूनच बनवलेला असतो. दारांना जाड रबरी पट्ट्या, कोपरे बंद, फटी नाहीत. मालासाठी हा गुण आहे. आत झोपणाऱ्यासाठी धोका. साधा डबा बहुधा कुठून ना कुठून गळतो, त्यामुळे तिथे चूक झाली तरी थोडी सवड मिळते. रीफरमध्ये ती मिळत नाही. वर आणि खाली, दोन्हीकडे कायम उघडी राहणारी वायुवीजनाची भोकं आधी पाडायची, पलंग नंतर. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो वापरणार असाल तर जमिनीच्या पातळीवर बाहेर उघडणारी वाट लागतेच. हीटर असा घ्यायचा की जो जळणासाठी हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेर सोडतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्ही डब्यांत हवाच.

मागची दारं बाहेरून उभ्या दांड्यांनी बंद होतात. आतून उघडण्याची सोय असली तरी जुन्या गाडीत ती चालेलच असं नाही. आतून उघडणारं स्वतःचं दार आणि निसटायला दुसरी वाट, म्हणजे माणूस मावेल अशी एखादी खिडकी, यांशिवाय एक रात्रही काढू नये. साध्या डब्याला मागे गुंडाळतं शटर असेल तर त्याची अडचण वेगळी: त्याच्या पट्ट्या छताखालची जागा अडवतात आणि कडांतून वारा येतो. ते काढून तिथे पक्की भिंत आणि दार बसवणं बरं.

कापणं आणि टांगणं

साध्या डब्यात खिडकीची जागा खांब ठरवतात. दोन खांबांच्या मधे मावेल तेवढीच कापा. खांब तोडावा लागलाच तर वर आणि खाली आडवी पट्टी घालून भार शेजारच्या खांबांवर द्या. कपाटं, पलंग, टेबल मात्र थेट खांबांना बोल्ट करता येतात. काही डब्यांत माल बांधायच्या लोखंडी पट्ट्या आतून आधीच असतात. त्या उपटून टाकू नका, त्यांच्यासारखी आयती पकड नंतर मिळत नाही.

रीफरमध्ये खिडकी जवळपास कुठेही येते, पण कापल्यावर कडेचा फोम थोडा खरवडून त्या खाचेत लाकडाची किंवा कडक प्लास्टिकची पट्टी चिकटवावी लागते, म्हणजे दोन्ही थर पुन्हा जोडले जातात. खिडकीची चौकट त्या पट्टीवर कसायची. नुसत्या फोमवर कसली तर भिंत आवळली जाते आणि सीलंट कितीही ओता, गळती होते. टांगायच्या कामाला स्क्रू जवळजवळ निरुपयोगी आहेत. मोठ्या पृष्ठभागावर लवचीक पीयू गोंदाने पट्ट्या चिकटवायच्या आणि फर्निचर त्यांना जोडायचं. जड वस्तूंचं वजन जमिनीवर उतरवायचं. ज्यांचा हात सुतारकामाला सरावलेला आहे त्यांना हे पहिल्यांदा पटत नाही. पण स्वच्छ घासून, पुसून लावलेला गोंद इथे स्क्रूपेक्षा खरोखर जास्त धरतो.

वास, इंजिन, वजन

मासळीचा किंवा मांसाचा वास फायबरवरून धुऊन जातो, पण सांध्यांच्या सीलंटमध्ये आणि जमिनीच्या निचरा-नळ्यांत मुरतो. दार बंद करून उन्हात तासभर ठेवा आणि मग आत जाऊन हुंगा. निचरा-नळ्या साफ निघाल्या तर न्हाणीसाठी आयत्या कामाला येतात.

शीतवाहनाचा किलोमीटरचा आकडा एकट्याने काही सांगत नाही. शहरात दारोदार माल पोचवणाऱ्या गाडीचं इंजिन, विशेषतः शीतयंत्राचा कॉम्प्रेसर त्याच्यावरच चालत असेल तर, उभ्या उभ्या तासन्‌तास सुरू राहतं. इंजिनाच्या तासांची नोंद मिळाली तर तीच पाहा.

त्याच मापाचा रीफर साध्या डब्यापेक्षा जड असतो. मंजूर एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केल्यावर जे उरतं त्यातच पाणी, बॅटऱ्या, फर्निचर आणि माणसं बसवायची आहेत, आणि १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. लहान ट्रकमध्ये हा हिशेब रीफरच्या विरोधात जाऊ शकतो. मालवाहनाची नोंदणी राहत्या गाडीत बदलून घेण्याचे आणि परवान्याच्या वजनमर्यादेचे नियम देशागणिक वेगळे आहेत; ते गाडी घेण्याआधी विचारायचे, नंतर नाही.

थंड प्रदेशात राहणार असाल, खिडक्या थोड्याच हव्या असतील आणि ट्रक मध्यम किंवा मोठा असेल, तर मी कोरडा, ठोकून पाहिलेला रीफर घेईन. भरपूर खिडक्या, छतावर सामान, वारंवार बदलणारी आतली मांडणी किंवा लहान ट्रक असेल तर साधा डबा, आणि त्याच्या इन्सुलेशनला दोन महिने जास्त.

रीफर घेतलात तर कॅबिनच्या वरचं शीतयंत्र काढावं लागेल. त्यातला वायू हवेत सोडू नका. अनेक जुन्या यंत्रांत आर-४०४ए नावाचा वायू असतो आणि वातावरण तापवण्याची त्याची ताकद तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३,९०० पट आहे. परवानाधारक तंत्रज्ञ तो टाकीत खेचून घेतो. यंत्र उतरल्यावर पुढच्या भिंतीत, छताजवळ जे मोठं भोक राहतं ते बुजवायची घाई करू नका. त्याच्या कडा बहुधा कारखान्यातच मजबूत केलेल्या असतात, आणि डब्यातली पहिली खिडकी तिथेच सर्वांत कमी कापाकापीत बसते.