पार्श्वभूमी : ‘भावनिक मुद्दा’ नेमका कोणाचा?

भाषेचा वाद पेटला की ‘हा भावनिक मुद्दा आहे, जरा विवेकाने घ्या’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणायचं ठरलं, तेव्हाही ते आलं. विरोधातली बरीच शिक्षक मंडळी तर सहा वर्षांच्या पोराला तिसरी भाषा झेपेल का, एवढंच विचारत होती. एप्रिलमधला आदेश जूनअखेरीस मागे गेला. तो या प्रश्नामुळे की ५ जुलैच्या जाहीर झालेल्या मोर्चामुळे, हे ज्याने त्याने आपापलं ठरवलं आहे.

या वाक्याला धार चढली ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, मुंबई कोणाची या भांडणात. १९४८ च्या आयोगाने भाषावार प्रांत देशहिताचे नाहीत असं सांगितलं. १९५५ च्या आयोगाने इतरत्र भाषा बऱ्यापैकी मानली, पण मुंबई राज्य गुजरातसह द्विभाषिक ठेवून विदर्भ वेगळा सुचवला. जानेवारी १९५६ मध्ये तर मुंबई थेट केंद्राकडे नेण्याची घोषणा झाली.

मराठी बाजूची त्या वेळची निवेदनं रूक्ष वाटावीत इतकी हिशेबी आहेत. तानसा-वैतरणेचं पाणी, सह्याद्रीतल्या धरणांची वीज, कोकण आणि घाटावरून आलेला गिरणीकामगार. कलकत्त्यात बिगर-बंगाली भांडवल आहे म्हणून ते शहर बंगालचं नाही असं कोणी म्हणत नाही, असाही दाखला होता. मुंबई महाराष्ट्राला द्यायला विरोध करणाऱ्यांचा मुद्दाही खोटा नव्हता: शहरात मराठी बोलणारे निम्म्याहून कमी होते. पण भांडवल पळून जाईल ही धास्ती कागदावर ‘आर्थिक विचार’ म्हणून चढली आणि शहर हातचं जाईल ही धास्ती ‘भावना’ ठरली. दोन्ही धास्त्याच.

केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर, सनदी शिस्तीत मुरलेला माणूस. मंत्रिमंडळाला न विचारता मुंबईचा निर्णय जाहीर झाला, ही त्यांची तक्रार कार्यपद्धतीची होती. तरी त्यांनाही काहींनी भावनिकच ठरवलं.

२१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, १५ जण गेले. पुढे सगळ्या चळवळीतल्या हुतात्म्यांचा आकडा १०५, मग १०६ म्हटला जाऊ लागला. त्यानंतर निवेदनं फायलींत राहिली आणि लक्षात राहिला शाहिराचा डफ. चौकातल्या स्मारकावरही मशाल धरलेले शेतकरी-कामगार आहेत. पाण्याचा नि विजेचा हिशेब मांडणाऱ्याचा पुतळा कसा करणार, म्हणा.

पुढे सगळ्यावर ‘अस्मिता’ हा शब्द बसला. योगसूत्रांत अस्मिता, म्हणजे ‘मी’पणा, हा पाच क्लेशांपैकी एक, म्हणजे टाळायचा दोष. आज ती जपायची असते. ‘अस्मितेचं राजकारण’ ही मात्र शिवीच, आणि ती नेहमी समोरच्यालाच.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथे गाव हा घटक, भौगोलिक सलगता, भाषक बहुसंख्या अशा शब्दांत बाजू मांडली जाते. तीच बाजू बेळगावात दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळते.