नीलयात्रा : लिशियाच्या किनाऱ्यावरील छोट्या नौकांचा प्रवास

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्याने, बोद्रुम ते अंताल्या या टापूत, लाकडी नौकेतून खाडीखाडीत मुक्काम करत केलेला काही दिवसांचा सागरी प्रवास. तुर्कीत याला ‘मावी योल्जुलुक’, म्हणजे निळा प्रवास, म्हणतात. नौकेवर साधारण आठ ते सोळा प्रवासी, एक कप्तान, एक स्वयंपाकी आणि एक-दोन खलाशी असतात. रोज थोडे अंतर कापायचे, एखाद्या आडोशाच्या खाडीत नांगर टाकायचा, काठावरचे प्राचीन अवशेष पाहायचे आणि रात्रीही तिथेच नौकेवर झोपायचे, असा हा क्रम. सहल एका आठवड्याची असते. तीन रात्रींच्या छोट्या फेऱ्याही निघतात. आज हा मोठा पर्यटन व्यवसाय आहे. त्याची सुरुवात मात्र एका हद्दपार लेखकाने आणि स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांनी केली.

हा किनारा छोट्या नौकेनेच का पाहायचा, याचे उत्तर भूगोलात आहे. टॉरस पर्वताच्या रांगा इथे थेट समुद्रात उतरतात. सपाट जमीन थोडी, नद्यांची मुखे मोजकी आणि कडे उभे. त्यामुळे फेथिये आणि अंताल्या यांच्यामधल्या प्राचीन लिशिया देशातली किनाऱ्यावरची गावे एकमेकांशी बोलत ती समुद्रातून. मोटारीचा किनारी रस्ता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच नीट झाला. गावांची तोंडे पाण्याकडे आहेत, थडगी आणि नाट्यगृहे पाण्यावरून दिसतील अशी बांधलेली आहेत, आणि काही धक्के तर आता पाण्याखालीच आहेत. मोठी क्रूझ जहाजे बोद्रुम किंवा मार्मारिसच्या बंदराला लागतात. केकोव्हा बेटाजवळच्या उथळ पाण्यात त्यांना शिरता येत नाही. म्हणून लहान नौका ही इथे चैन नाही, ती या प्रदेशात शिरण्याची जुनी आणि खरी वाट आहे.

जेव्हात शाकिर काबाआच्ली (१८९०–१९७३) हा ऑक्सफर्डमध्ये शिकलेला लेखक. लष्करातून पळालेल्या सैनिकांच्या देहदंडाविषयी त्याने लिहिलेल्या मजकुरावरून १९२५ मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली आणि बोद्रुमला पाठवण्यात आले. त्या काळी बोद्रुम म्हणजे मासेमारी आणि स्पंजावर जगणारे, रस्त्यांपासून तुटलेले गाव. शिक्षेचा उरलेला काळ त्याने इस्तंबूलमध्ये काढला, पण सुटका होताच तो आपणहून बोद्रुमला परतला आणि पुढची कित्येक वर्षे तिथेच राहिला. गावाचे प्राचीन नाव हॅलिकार्नॅसस. त्यावरून त्याने ‘हॅलिकार्नॅससचा कोळी’ हे टोपणनाव घेतले. स्पंजवाल्यांबरोबर तो समुद्रावर जाऊ लागला. १९४० च्या दशकाच्या मध्यापासून इस्तंबूलचे लेखक, चित्रकार, अध्यापक असे त्याचे मित्रही त्याच नौकांतून गोकोव्हाच्या आखातात जाऊ लागले. सामान अगदी थोडे : पाणी, चीज, वाळवलेला पाव, तंबाखू आणि राकी ही बडीशेपेच्या स्वादाची दारू. वर्तमानपत्र आणि रेडिओ बरोबर घ्यायचा नाही, असा नियम होता. बिछाना म्हणजे नौकेच्या फळ्या.

या मंडळींत लेखक-अनुवादक साबाहात्तिन एयुबोलू (१९०८–७३) आणि अभिजात ग्रीक साहित्याची अभ्यासक आज्रा एर्हात (१९१५–८२) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. एर्हातने ए. कादिर या कवीच्या साथीने होमरचे ‘इलियड’ हे महाकाव्य तुर्कीत आणले आणि १९६२ मध्ये या सफरींवर ‘मावी योल्जुलुक’ याच नावाचे पुस्तक लिहिले. त्यानंतर हे नाव सर्वतोमुखी झाले. त्यांच्या प्रवासामागे एक ठाम विचार होता. अनातोलियातला ग्रीक, लिशियन, रोमन वारसा हा परक्यांचा नाही, तो याच मातीचा आणि म्हणून इथल्या आजच्या माणसांचाही आहे, असे ते मानत. ‘इलियड’मध्ये ट्रॉयच्या बाजूने लढणारा सार्पेडॉन हा लिशियाचाच राजा, त्याच्या किनाऱ्यावर बसून होमर वाचणे या लोकांना घरची गोष्ट वाटे. १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या-अदलाबदलीला, म्हणजे दोन्ही देशांतल्या धार्मिक अल्पसंख्याकांच्या सक्तीच्या स्थलांतराला, तेव्हा पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती. किनाऱ्यावरची ग्रीक ऑर्थोडॉक्स गावे ओस पडलेली होती. फेथियेजवळच्या कायाकॉय गावाची छपरे उडालेली शेकडो दगडी घरे आजही तशीच उभी आहेत. अशा काळात हा विचार मांडायला धैर्य लागत होते, आणि तो अजूनही मोलाचा आहे.

स्पंजवाल्यांचे ऋण एवढ्यावर संपत नाही. सागरी पुरातत्त्वविद्येला या किनाऱ्याने जे दिले, तेही त्यांच्यामुळेच. तळाशी उतरून रोज काम करणाऱ्या या माणसांना जुनी मडकी, नांगर, धातूचे ढीग कुठे पडले आहेत ते ठाऊक असे. त्यांच्या माहितीवरूनच फिनिकेच्या पूर्वेला गेलिदोन्या भूशिराजवळचे, सुमारे इ. स. पू. १२०० चे बुडालेले जहाज सापडले. १९६० मध्ये पुरातत्त्वज्ञ जॉर्ज बास यांच्या पथकाने त्याचे उत्खनन केले. पुरातत्त्वज्ञांनी स्वतः पाण्याखाली जाऊन पूर्ण केलेले हे पहिले शास्त्रशुद्ध उत्खनन मानले जाते. पुढे १९८२ मध्ये मेहमेत चाकिर या पाणबुड्याने काशजवळच्या उलुबुरुन येथे कान असलेली धातूची बिस्किटे पाहिल्याचे सांगितले. त्या तांब्याच्या लाद्या होत्या, बैलाच्या ताणलेल्या कातड्यासारखे चार कोपरे असलेल्या. १९८४ ते १९९४ अशी अकरा वर्षे बास आणि जेमाल पुलाक यांच्या पथकाने तिथे काम केले. वीस हजारांहून अधिक वेळा पाणबुडे ४५ मीटर आणि त्याहून खोल उतरले. इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या त्या जहाजात सुमारे दहा टन तांबे, एक टन कथील, निळ्या काचेचे गोळे, हस्तिदंत, आफ्रिकेतले काळे लाकूड, बाल्टिक समुद्राकडचे अंबर आणि इजिप्तची राणी नेफेर्तिती हिचे नाव कोरलेला सोन्याचा भुंगा असा माल निघाला. तांबे आणि कथील मिळून कांस्य होते, आणि दोन्ही धातू एकाच जहाजात साधारण दहास एक या प्रमाणात होते. कांस्ययुग कसे चालत होते याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भूमध्य समुद्रातल्या स्पंजांवर रोग पडला आणि आधीच उतरणीला लागलेला तो धंदा जवळपास बसला. तोवर प्रवासी येऊ लागले होते. स्पंजवाल्यांच्या घरांतली मुले कप्तान झाली, नौकांवर खोल्या चढल्या.

नौकांचे दोन प्रकार ठळक आहेत. ‘तिर्हांदिल’ ही बोद्रुमची जुनी जात, दोन्ही टोकांना निमुळती. स्पंजवाले हीच वापरत. ‘गुलेत’ ही दोन डोलकाठ्यांची, गोल आणि रुंद पिछाडीची नौका. या पिछाडीवरच जेवणाचे टेबल मांडतात, आणि प्रवाशांचा बहुतेक दिवस तिथेच जातो. बोद्रुम, मार्मारिस आणि बोझबुरुन इथल्या सुतारांनी ती पाइनच्या लाकडात घडवली. पुढे महोगनीही वापरात आली. पंधरा ते तीस मीटर लांबी आणि चार ते दहा खोल्या हे नेहमीचे माप. एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : जाहिरातीतल्या चित्रात शिडे फुगलेली दिसतात, पण बहुतेक गुलेत बहुतांश वेळ इंजिनावरच चालतात. शिडावरचा प्रवास हवा असेल तर नौका ठरवतानाच तसे विचारून घ्यावे लागते.

हंगाम मे ते ऑक्टोबर. उन्हाळ्यात वायव्येकडून ‘मेल्तेम’ वारा वाहतो. सकाळी तो निजलेला असतो, दुपारी जोर धरतो आणि सूर्यास्ताला पडतो. त्यामुळे कप्तान पहाटेच नांगर उचलतात आणि दुपारच्या आत पुढची खाडी गाठतात. नांगर पुढून टाकतात आणि पिछाडीचा दोर पोहत नेऊन काठावरच्या खडकाला बांधतात, म्हणजे नौका रात्रभर फिरत नाही. न्याहारीला टोमॅटो, काकडी, ऑलिव्ह, पांढरे चीज, पाव आणि चहा; जेवणात ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, दह्यातली वांगी, भात आणि जाळावरची मासळी. भाज्या आणि दही रोजच असल्याने शाकाहारी माणसाचे इथे अडत नाही, मात्र स्वयंपाक्याला आधी कळवलेले बरे.

वाटेवरच्या स्थळांपैकी दात्चा द्वीपकल्पाच्या टोकावरचे क्नायडोस पहिले घ्यावे. एका चिंचोळ्या पट्टीच्या दोन्ही अंगांना दोन बंदरे, आणि वारा फिरेपर्यंत थांबलेली जहाजे, यावर हे शहर श्रीमंत झाले. ग्रीक शिल्पकार प्रॅक्सिटेलीसने घडवलेली ॲफ्रोडायटी या प्रेमदेवतेची नग्न मूर्ती इथे होती. ती पाहण्यासाठी लोक मुद्दाम गलबताने क्नायडोसला येत, असे रोमन लेखक प्लिनीने लिहिले आहे. बिथिनियाचा राजा निकोमिडीस मूर्तीच्या बदल्यात शहराचे सारे कर्ज फेडायला तयार होता, पण शहराने नकार दिला. मूळ मूर्ती आता नाही. चार्ल्स न्यूटन याने एकोणिसाव्या शतकात इथून नेलेला संगमरवरी सिंह लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

दाल्यानला नौका बाहेर थांबते आणि लहान होड्या वेताच्या रानातून कौनोसकडे नेतात. कड्यात खोदलेली इ. स. पू. चौथ्या शतकातली देवळाच्या दर्शनी भागासारखी थडगी नदीतूनच नीट दिसतात. कौनोसचे बंदर गाळाने भरले आणि शहर मेले. नदीच्या मुखाशी इझतुझु हा समुद्री कासवांच्या विणीचा किनारा आहे. तिथे होऊ घातलेले हॉटेल १९८० च्या दशकात लोकांच्या विरोधामुळे थांबले आणि १९८८ मध्ये हा भाग संरक्षित झाला. गोजेकच्या खाड्या पोहण्यासाठी उत्तम, इतिहासासाठी बेताच्या. फेथियेत गावाच्या डोक्यावर अमिंतासचे थडगे आहे. पताराही गाळाने बुजले. रोमन सम्राट नीरोच्या काळात, इ. स. ६४-६५ च्या सुमारास बांधलेले तिथले दीपगृह पुढे वाळूत गाडले गेले. लिशियन संघाच्या सभा पताराला भरत. प्राचीन भूगोलकार स्ट्रेबो सांगतो की या संघात २३ नगरे होती आणि आकारमानानुसार प्रत्येकाला तीन, दोन किंवा एक मत होते. फ्रेंच विचारवंत मॉन्तेस्क्यूला ही व्यवस्था आदर्श संघराज्याची वाटली, आणि अमेरिकेची राज्यघटना घडत असताना तिचा दाखला दिला गेला.

या सगळ्या प्रवासाचे शिखर केकोव्हा. किनाऱ्याला समांतर पडलेले लांबट बेट, आणि मधले पाणी तलावासारखे शांत. भूकंपांनी इथली जमीन खचली. बेटाच्या उत्तर काठावर पायऱ्या उतरत उतरत पाण्यात जातात, खडकात कोरलेल्या खोल्यांच्या भिंती अर्ध्या वर आणि अर्ध्या खाली दिसतात, तळाशी रांजणांचे तुकडे पडलेले असतात. १९९० पासून हा प्रदेश संरक्षित आहे. बुडालेल्या अवशेषांजवळ नांगर टाकायला आणि पोहायला बंदी आहे, ती योग्यच आहे. नौका हळू पुढे नेत नौकेवरूनच पाहावे लागते. समोर मुख्य भूमीवर काले कॉय, म्हणजे प्राचीन सिमेना. गावाला मोटार रस्ता नाही. नौकेने किंवा पायवाटेनेच जाता येते. किल्ल्याच्या आत एकाच खडकात कोरलेले, जेमतेम तीनशे माणसांचे नाट्यगृह आहे, आणि खाली उथळ पाण्यात एक लिशियन शवपेटी उभी आहे. जवळच्या आपेर्लाई गावाचा धक्काही पाण्यात गेला आहे. तिथे मुरेक्स शंखांचे ढीग सापडतात. त्यांपासून जांभळा रंग काढत. रंग मौल्यवान, पण काढताना दुर्गंधी भयंकर, म्हणून हा उद्योग असल्या आडगावी चाले.

पूर्वेला अंद्रियाके हे मायरा नगराचे बंदर. अलेक्झांड्रियाहून रोमकडे धान्य नेणाऱ्या जहाजांना वायव्येचा वारा तोंडावर येई, म्हणून ती आधी उत्तरेला याच किनाऱ्याकडे येत आणि इथून पश्चिमेला सरकत. कैदी म्हणून रोमला नेला जाणारा संत पॉल मायरालाच अशा जहाजावर चढल्याचे बायबलमध्ये आहे. रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातले धान्याचे भव्य कोठार अजून उभे असून त्यात आता संग्रहालय आहे. सांता क्लॉजच्या कथेमागचा संत निकोलस हा चौथ्या शतकात मायराचा बिशप होता.

वाढत्या गर्दीचा भार या खाड्यांवर पडतो आहे. नांगरांनी तळाचे पोसिडोनिया हे समुद्री गवत उपटले जाते, आणि मासळीची पिल्ले त्याच गवतात वाढतात. काही खाड्यांत त्यासाठी बांधायचे कायम खुंटे आणि बोये बसवले आहेत. बोद्रुम आणि मार्मारिस ज्यात येतात त्या मुला (Muğla) प्रांतात नौकांनी सांडपाणी किनाऱ्यावर जमा केल्याची नोंद ‘मावी कार्ट’ या कार्डावर करावी लागते. २०२१ च्या उन्हाळ्यात मार्मारिस आणि बोद्रुम परिसरातली पाइनची राने जळाली, तेव्हा किनाऱ्यावर अडकलेल्या लोकांना नौकांनी बाहेर काढले.

वेळ थोडा असेल आणि ओढ इतिहासाची असेल तर फेथियेहून निघून प्राचीन मायराजवळच्या देम्रेला संपणारा तीन रात्रींचा टप्पा निवडावा. काश आणि केकोव्हा त्यात येतात. गोकोव्हाच्या आखातात अवशेष कमी आणि एकांत जास्त, म्हणून ते दुसऱ्या फेरीसाठी ठेवावे. कोणताही टप्पा घेतला तरी आधी बोद्रुमच्या किल्ल्यातले सागरी पुरातत्त्व संग्रहालय पाहावे. सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे एका ख्रिस्ती लष्करी संघाने, पंधराव्या शतकात बांधायला घेतलेल्या त्या किल्ल्यात हॅलिकार्नॅससच्या मॉसोलियमचे, म्हणजे प्राचीन सप्ताश्चर्यांपैकी एका वास्तूचे दगड चिणलेले आहेत, आणि उलुबुरुनचे तांबे तिथेच ठेवलेले आहे.